अहमदाबादच्या बाजारातून आणलेलं निवडुंग

आमच्या मणिनगरच्या घराची गॅलरी म्हणजे आईची बाग. जास्वंद, मोगरा, गवती चहा, कोरफड, ओवा, तुळस... मोजल्या तर एकतीस कुंड्या. त्यातल्या पाच तिच्या खोलीच्या खिडकीत असायच्या. सकाळचा चहा ती त्या पाच कुंड्यांशी बोलत घ्यायची.

यंदा मार्चमध्ये तिची केमोथेरपी सुरू झाली. डॉक्टरांनी पथ्यांची यादी दिली, त्यात एक ओळ होती : खोलीत मातीच्या कुंड्या नकोत, फुलदाणीही नको. कारण त्यांनी नीट समजावून सांगितलं. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. कुंडीतल्या ओल्या मातीत, कुजणाऱ्या पानांत बुरशी असते. तुम्हाआम्हाला तिचं काही होत नाही, पण प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाच्या फुफ्फुसांत तीच बुरशी घर करू शकते.

त्याच संध्याकाळी बाबांनी पाचही कुंड्या गॅलरीत हलवल्या आणि गॅलरीचं दार बंद झालं. खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांचे पाच गोल डाग तेवढे उरले. मी ते पुसायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे गं."

कापडाच्या झाडांची कल्पना मला त्या डागांवरून सुचली. आत फायबर भरलेलं, कापडाचं गुबगुबीत निवडुंग मी फोटोंमध्ये पाहिलं होतं. आईला विचारलं, तर तिने आधी नाक मुरडलं.

"खोटी झाडं मला आवडत नाहीत."

"प्लॅस्टिकची नाही गं आई, कापडाची. मी शिवते."

मी शिवते म्हटल्यावर ती खूप दिवसांनी हसली. कारण घरात शिवणारी ती. मी आजवर साधं बटणही लावलेलं नव्हतं. हसून झाल्यावर म्हणाली, "मग कापड तरी चांगलं आण. ढालगरवाडमध्ये जा. पॉपलिन घे."

मी यादी करायला वही घेतली. तिने चारच अटी घातल्या. प्रत्येक वस्तू धुता आली पाहिजे. रंग जाता कामा नये. धान्य, भुसा, माती असलं आत काही भरायचं नाही. आणि चमकी नको.

दगडातलं झाड

एप्रिलमधल्या एका सकाळी मी लाल दरवाजाच्या बसमध्ये बसले. अहमदाबादचं जुनं शहर पाहायला येणारे लोक इथूनच सुरुवात करतात, कारण बस स्टँडपासून चालत काही मिनिटांवर सिदी सैयदची मशीद आहे. १५७३ च्या सुमाराची. गुजरातची सल्तनत संपत आली होती, अकबराची फौज दाराशी होती, त्या काळात ती बांधली गेली. बांधणारे सिदी सैयद मूळचे हबशी सरदार.

मशीद लहानशी आहे. लोक येतात ते तिच्या जाळ्या पाहायला. खिडकीच्या अर्धगोल कमानीत पिवळसर दगड कोरून एक झाड उभं केलं आहे. खोडाला वळसे घालत फांद्या वर जातात आणि पसरत पसरत अख्खी कमान भरून टाकतात. मधूनच ताडासारखं झाड डोकावतं. शहराच्या कितीतरी गोष्टींवर हे चित्र दिसतं. इथल्या आयआयएमचं बोधचिन्हही या जाळीवरूनच घेतलेलं आहे.

लहानपणापासून मी ती जाळी पाहत आले, पण त्या दिवशी पहिल्यांदा शिवणाऱ्याच्या नजरेने पाहिली. कोरणाऱ्याने एकेक पान खऱ्यासारखं करायचा हट्ट धरलेला नाही. पानं सगळी साधारण एका नमुन्याची. झाड वाटतं ते फांद्यांच्या वळणामुळे आणि मधल्या मोकळ्या जागेतून येणाऱ्या उजेडामुळे. मला जरा धीर आला. निवडुंगाचा प्रत्येक काटा मला काढता आला नाही तरी चालणार होतं. त्याच्या उभ्या खाचा तेवढ्या बरोबर यायला हव्या होत्या.

आईला जाळीचा फोटो पाठवला. उत्तर आलं : "पाणी पी. टोपी घाल."

चिंधी : दोन भाषांतला एक शब्द

तिथून भद्रचा किल्ला जवळच. व्हिक्टोरिया गार्डनही त्याच भागात. बागेत लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, म्हणून आमच्या घरात तिला टिळक बागच म्हणतात. बागेसमोर 'सेवा' या संस्थेचं कार्यालय आहे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली, घरी बसून किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांची ही संघटना.

कापडाची झाडं शिवायला निघालेल्या मुलीने इथे क्षणभर थांबायलाच हवं. अहमदाबादमध्ये पहिली कापड गिरणी १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांनी सुरू केली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर गिरण्यांतून बाहेर पडणारे कापडाचे तुकडेही. ते तुकडे व्यापाऱ्यांकडे जायचे आणि व्यापाऱ्यांकडून दरियापूरसारख्या भागातल्या बायकांकडे. त्या घरी बसून तुकड्याला तुकडा जोडायच्या आणि गोधडीच्या खोळी शिवायच्या. मजुरी नगावर आणि अगदी कमी. 'सेवा'ने ज्यांना संघटित केलं, त्यांच्यात या बायकाही होत्या. गुजरातीतही त्या तुकड्यांना चिंदी म्हणतात, आपल्या चिंधीसारखंच.

मराठीत आपण 'चिंध्या झाल्या' म्हणतो तेव्हा काहीतरी संपलेलं असतं. या शहरात चिंधीपासून किती घरांच्या चुली पेटल्या, हे कळल्यावर मला माझ्या छंदाची जरा लाजही वाटली. मी हौसेसाठी करणार होते ते काम कुणीतरी दिवसाचे कितीतरी तास, डोळे फोडून केलेलं आहे.

तीन दरवाजावरची मराठी आज्ञा

भद्रच्या मोकळ्या पटांगणात पथारीवाले बसलेले असतात. चपला, ओढण्या, कानातली, प्लॅस्टिकचे डबे. त्यांच्यातून वाट काढत गेलं की समोर तीन दरवाजा. तीन मोठ्या कमानी आणि खालून वाहणारी गर्दी.

मराठी माणसाने इथे एक पाटी शोधावी. पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल या शहरावर होता, त्या काळातली, १८१२ सालची. सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांची ती आज्ञा देवनागरीत कोरलेली आहे. बापाच्या मालमत्तेत मुलीला तिचा वाटा अडथळा न आणता द्यावा, असा तिचा अर्थ. न पाळणारा हिंदू असेल तर त्याने महादेवाला आणि मुसलमान असेल तर त्याने अल्लाला जाब द्यायचा आहे.

दोनशे वर्षांपूर्वीची ती आज्ञा पाहताना माझ्या मनात आईचं कपाट आलं. तिच्या सुती साड्या, ब्लाऊजपीसचे गठ्ठे, दोऱ्याच्या रिळांनी भरलेला बिस्किटांचा डबा. माझा वाटा तो. आणि तो मला आत्ता नको होता. तो तिच्याच हातात राहायला हवा होता.

'लीलो' म्हणजे कोणता?

तीन दरवाजातून पुढे, जामा मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत ढालगरवाड आहे. नावात ढाल असली तरी आता इथे नुसतं कापड. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना छताला भिडलेले ताग्यांचे ढीग. बांधणी, अजरख, सुती छापील कापड, अस्तराचं कापड, कटपीस. दुकानदार गादीवर बसून कापड असं फेकतो की ते उलगडत बरोबर तुमच्या पुढ्यात येऊन थांबतं.

मी शिरले ते मॅचिंगच्या दुकानात. ब्लाऊज, अस्तर, परकर यांचं साधं कापड इथे रंगवार लावलेलं असतं. निवडुंगासाठी याहून चांगली जागा नाही, कारण हिरव्याच्याच वीस-पंचवीस छटा एका ओळीत दिसतात.

"बेन, कयो लीलो जोईए?" दुकानदार काकांनी विचारलं.

गुजरातीत लीलो म्हणजे हिरवा. लग्न होऊन मिरजेहून इथे आलेल्या आईची पहिली फजिती याच शब्दाने केली होती. तिने निळा ब्लाऊजपीस मागितला. दुकानदाराने 'लीलो' ऐकलं आणि एकामागून एक हिरवे तागे उलगडत सुटला. ती मान हलवत राहिली, तो उलगडत राहिला. शेवटी दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून तिने हिरवाच घेतला. घरी आल्यावर कळलं की निळ्याला इथे वादळी म्हणतात. तो हिरवा ब्लाऊज तिने पुढे दहा वर्षं वापरला.

मी तीन लीलो घेतले : शेवाळी, मेंदी आणि पोपटी, प्रत्येकी अर्धा मीटर, सुती पॉपलिन. पॉपलिनच का, हे काकांनीच सांगितलं. त्याची वीण घट्ट असते. आत कितीही ठासून भरलं तरी शिवण फाकत नाही आणि फायबरचे तंतू बाहेर येत नाहीत. साटीन दिसायला छान, पण सुई गेली की भोक दिसतं. रुबिया फार पातळ. मी धुण्याचं विचारल्यावर ते म्हणाले, कापण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजव, वाळव, मग इस्त्री कर. आटायचं ते आधीच आटेल आणि रंग सुटतोय का तेही कळेल.

त्यांनी विचारलं, एवढ्या हिरव्याचं काय शिवणार? मी सांगितलं. कुणासाठी, तेही सांगितलं. काका काही बोलले नाहीत. खालून कटपीसची पिशवी काढली, त्यातून हिरव्या नक्षीचे चार तुकडे निवडले आणि माझ्या पिशवीत टाकले. पैसे घेतले नाहीत.

राणीचा हजीरा आणि रविवारी

माणेकचौक तिथून जवळच. सराफांची दुकानं उघडली होती. रात्री याच चौकात खाण्याच्या गाड्या लागतात. त्याच्या बाजूला राणीचा हजीरा, म्हणजे अहमदशहाच्या राण्यांच्या कबरी. त्यांच्या भोवती बायकांच्या खरेदीचा बाजार भरतो. घागरा-चोळी, लेस, गोटा, लटकणं, आरसे. मला हवा होता फक्त पांढरा भरतकामाचा दोरा आणि एक लांब दाभण. लटकणांपाशी हात थबकला, पण चमकी नको ही अट आठवली.

गादीवाल्याकडे अर्धा किलो फायबर घेतलं. त्याने कापूस घ्या म्हणून आग्रह केला. खरा कापूस मऊ असतो हे खरं, पण धुतल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि आतला ओलावा लवकर जात नाही. ओलावा राहिला की पुन्हा तीच बुरशी. फायबर पिळून उन्हात ठेवलं की वाळतं.

कुंड्या राहिल्या होत्या. त्या मिळाल्या रविवारी, एलिसब्रिजजवळ साबरमतीच्या काठी भरणाऱ्या गुजरी बाजारात. शहरातले लोक त्याला नुसतं 'रविवारी' म्हणतात. जुनी पुस्तकं, जुनी हत्यारं, पलंग, सायकलींचे भाग, वापरलेले कपडे. एका बाईच्या पथारीवर निळ्या काठाचे पांढरे इनॅमलचे मग होते, थोडे टवके उडालेले. पाच घेतले. इनॅमल उकळत्या पाण्यात टाकता येतं, हे मनात होतं. वजनासाठी तळाशी ठेवायला काचेच्या गोट्या घेतल्या, त्याही धुता येतात. सगळी खरेदी पाचशे रुपयांच्या आत झाली.

पहिलं निवडुंग भोपळा झालं

आईच्या बोटांच्या टोकांना औषधांमुळे बधिरपणा आला होता. सुई टोचली तर कळलंही नसतं, आणि टोचून घेणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणून ती खुर्चीत बसून सांगणार आणि मी शिवणार, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी तिचं न ऐकता शिवलं. ते निवडुंग न वाटता चेपलेला भोपळा वाटत होता. आईने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. "भाजी होईल," म्हणाली.

दुसरं तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. तुम्हाला करायचं असेल तर कृती अशी :

गोल निवडुंगासाठी ३६ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर उंच पट्टी कापा. कापडाचा उभा धागा उंचीच्या दिशेने ठेवा. पट्टीच्या आखूड बाजू सुलट बाजू आत ठेवून जुळवा आणि एक सेंटिमीटर आत टीप मारा. नळी तयार होईल. वरच्या कडेला दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला, चुणून घट्ट गाठ मारा आणि नळी सुलट करा. आता फायबर भरा. माझी चूक इथे झाली होती. पुरेसं वाटलं की मी थांबले होते. पुरेसं वाटल्यावर आणखी तेवढंच भरायचं असतं. मग खालचं तोंडही तसंच चुणून बंद करा.

खाचा पाडण्यासाठी दाभणात जाड दुहेरी दोरा ओवा. तळाच्या मध्यातून दाभण वर काढा, दोरा बाहेरच्या अंगाने पुन्हा तळाशी आणा, पुन्हा मध्यातून वर. प्रत्येक वेळी ओढून आवळा. असे आठ वळसे घेतले की आठ फाका दिसू लागतात. काटे म्हणजे पांढऱ्या दोऱ्याचे छोटे इंग्रजी व्ही आकाराचे टाके, फाकेच्या उंचवट्यावर.

फड्या निवडुंग आणखी सोपं. लंबगोल फड्या तीन मापांच्या कापा : १६, १२ आणि ९ सेंटिमीटर. प्रत्येकीला दोन तुकडे. खाली तीन बोटं जागा सोडून शिवा. सुलट करण्याआधी गोलाईवर कात्रीने जवळजवळ छोटे छेद द्या, पण टीप कापू नका. हे छेद दिले नाहीत तर कडा सुरकुततात. भरताना टोकापासून सुरुवात करा, पेन्सिलच्या मागच्या बाजूने दाबत. शेवटी फड्या एकमेकींना आडव्या लपत्या टाक्यांनी जोडा.

फायबर भरायचं काम आईने घेतलं. त्याला सुई लागत नाही. थकवा नसेल त्या दिवशी ती एक फडी भरायची, कधी दोन. फुलासाठी गुलाबी कापड लागलं तेव्हा तिने कपाटातल्या एका विरलेल्या सुती साडीचा पदर काढायला सांगितला. "याच्या चिंध्या करायला हरकत नाही," म्हणाली.

पाच डागांवर पाच मग

तीन आठवड्यांत पाच निवडुंगं झाली. दर पंधरा दिवसांनी ती साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवते. अहमदाबादच्या उन्हाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला. शेजारच्या काकी दारातून डोकावून म्हणाल्या की घरात काटेरी झाड ठेवू नये. आई म्हणाली, "हात लावून बघा, काटेच नाहीत."

मी कापडाची तुळसही शिवते म्हटलं होतं. ते तिने ऐकून घेतलं नाही. तुळस गॅलरीतच राहील आणि जिवंतच राहील. रोज सकाळी बाबा तिला पाणी घालतात आणि आई बंद काचेआडून सूचना देते. बाबांना ऐकू जात नाही, मग हातवारे चालतात. मोगऱ्याला पाणी जास्त होतंय असं तिचं म्हणणं आहे.

एक सांगायला हवं. पहिले काही दिवस मला वाटायचं, ही झाडं पाहून तिला आपली बाग आठवून आणखी वाईट वाटत असेल. एकदा विचारलंच. ती म्हणाली, "ही काही झाडं नाहीत गं, हा टाइमपास आहे. पण सकाळी डोळे उघडल्यावर तिकडे काहीतरी हिरवं असतं आणि त्यातलं निम्मं मी भरलेलं असतं." मग तिने चौथ्या निवडुंगाची एक फाक वाकडी आहे ते दाखवलं.

उपचार अजून सुरू आहेत. पुढच्या महिन्यात तपासण्या आहेत. त्यांच्याबद्दल घरात कोणी फार बोलत नाही. मागच्या आठवड्यात आईने वहीत नवी यादी लिहवून घेतली : लाल पॉपलिन पाव मीटर, पिवळा दोरा, गडद हिरवं अर्धा मीटर. जास्वंद करायची आहे. पाकळ्या कशा कापायच्या याचा कागदी नमुना तिने स्वतः काढला आहे. यादीच्या शेवटी तिने एक ओळ घालायला लावली : दुकानदार काकांना एक छोटं निवडुंग नेऊन दे.

जायचं असेल तर

लाल दरवाजापर्यंत शहर बस सगळीकडून मिळते. मेट्रोने आलात तर घीकांटा स्टेशनला उतरून चालत किंवा रिक्षाने जा. सिदी सैयदची जाळी, भद्र, तीन दरवाजा, ढालगरवाड, माणेकचौक आणि राणीचा हजीरा हे सगळं चालत होतं, तीन-चार तास हाताशी ठेवा. उन्हाळ्यात सकाळी आधी जाळी पाहून घ्या, तोवर दुकानं उघडतात. जुन्या वस्तूंचा बाजार फक्त रविवारी. रंग दाखवायला कापडाचा तुकडा बरोबर न्या, म्हणजे लीलो आणि निळा यांचा घोळ होणार नाही. आणि तुमच्या घरात कोणी अशाच उपचारांत असेल, तर कापडाचं झाडही खोलीत ठेवण्याआधी एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारलं होतं. त्यांनी फक्त, धूळ बसू देऊ नका, एवढंच सांगितलं.